टोपी जगाची, नारळ आपल्या देवीचा

दादा, काल तुझं तेरावं झालं. पाहुणे दुपारच्या फेरीबोटीनं गेले, वहिनी आत जरा आडवी झालीय आणि मी तुझ्या ओटीवर, तुझ्याच खुर्चीत बसून हे लिहितेय. या खुर्चीत तू मला जन्मात बसू दिलं नाहीस. "मास्तरणीची जागा झोपाळ्यावर," म्हणायचास. आता बसलेय. उठव बघू.

तुझी माहिती लिहून द्या म्हणून दोघातिघांनी सांगितलंय. कधी भरती झालास, कुठल्या कुठल्या छावणीत होतास, कधी घरी आलास. ते मी लिहिणार नाही. ते तुझ्या पेन्शनच्या कागदांत आहे आणि माझ्यापेक्षा बरोबर आहे. मला आपल्या भांडणाचं लिहायचंय. वीस वर्षं चाललेलं भांडण तू असं मध्येच टाकून जाशील असं वाटलं नव्हतं. तशी तुझी सवयच होती म्हणा. हरायला आलास की चहा मागायचास.

भांडण काय, तर भावकी आधी की गावकी आधी. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही भावंडं जमिनीवरून भांडतायत. एकदा आगरदांड्याच्या धक्क्यावर आपला आवाज इतका चढला की बोटीवरच्या तिकीटवाल्यानं मध्ये पडून विचारलं, "दादानू, वाटनी झाली न्हाय काय अजून?" तू चेहरा जराही न हलवता म्हणालास, "झाली. फक्त आफ्रिका राहिलीय." तो बिचारा तिकिटं फाडायला लागला. दिघीचा धक्का येईपर्यंत आपण दोघं हसत होतो.

आता कोणी तिसऱ्यानं हे वाचलं तर त्याला कळायला हवं म्हणून सांगते. मी खाडीपलीकडच्या शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. त्यात एक धडा असायचा, जगातल्या सगळ्या देशांनी मिळून उभारलेल्या शांततेच्या संघटनेचा. मी तो जीव ओतून शिकवायचे आणि पोरं जांभया द्यायची. तू मात्र त्या धड्यात प्रत्यक्ष राहून आला होतास. तुझी पलटण त्या संघटनेच्या शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली, तिथं तू वर्षभर पाण्याचा टँकर चालवलास आणि निळी टोपी घेऊन घरी आलास.

त्या वर्षी मी तुला वर्गात बोलावलं. तू टोपी घालून आलास. मी जगाचा नकाशा टांगून ठेवला होता, त्याच्याकडे तू ढुंकूनही पाहिलं नाहीस. खडू घेतलास आणि फळ्यावर आपलं गाव काढलंस. डोंगराच्या अंगाला वरची वाडी, तिच्या खाली मधली वाडी, समुद्राच्या बाजूला आपली खालची वाडी आणि तिन्हीमधून वाहणारा पऱ्या. म्हणालास, "दोन घरांत तंटा झाला तर आधी कोण बसतं? भावकी. एका कुळातली, लागून राहणारी माणसं. भावकीला नाही मिटवता आला तर कोण? गावकी. तिन्ही वाड्या एकत्र. जगाचंपण असंच हाय. शेजारशेजारच्या देशांनी आपली आपली भावकी केलेली असते, आणि सगळ्यांची मिळून एक गावकी." पोरं खदखदून हसली आणि धडा सगळ्यांना कळला. पुढं निवृत्त होईपर्यंत मी तो तसाच शिकवला. दर वर्षी फळ्यावर आपलं गाव काढायचे आणि म्हणायचे, हे माझ्या भावानं शिकवलंय. दर वर्षी हे म्हणताना माझी मान ताठ व्हायची. तुझ्यासमोर हे कधी बोलले नाही, कारण तू डोक्यावर बसला असतास.

पण तू तेवढ्यावर थांबला नाहीस. वर्गातून बाहेर पडताना व्हरांड्यात मला म्हणालास, "तुझ्या पुस्तकात एक चूक हाय. पुस्तक गावकीला मोठं म्हणतं. धावून येते ती भावकी." तिथून आपलं सुरू झालं.

तुझ्याकडे मूसा होता. त्या देशाच्या शेजाऱ्याच्या फौजेतला, तुझ्यासारखाच हवालदार. तुम्ही निळ्या टोप्या घालून पोचलात त्याच्या आधीपासून तो तिथं होता. त्या भागातल्या देशांच्या भावकीनं आपलं सैन्य पाठवलं होतं, आणि जगाची गावकी ठराव करत होती तोवर ही माणसं उसवलेल्या बुटांनी रस्ते राखत होती. त्यांच्यातली कितीतरी परत गेली नाहीत. मग एके दिवशी सकाळी मैदानात सगळ्यांना उभं केलं. मूसाच्या लोकांनी डोक्यावरच्या हिरव्या टोप्या काढल्या आणि निळ्या घातल्या. आता ते जगाचे सैनिक. ही गोष्ट तू मला शंभर वेळा तरी सांगितली असशील आणि शेवट दर वेळी एकच, "टोपी बदलली. माणसं तीच. बूटपण तेच."

मी म्हणायचे, "टोपी बदलली म्हणजेच सगळं बदललं. हिरव्या टोपीतला माणूस शेजाऱ्याचा असतो, आणि शेजाऱ्याला बांध कुठं सरकवायचा ते पक्कं ठाऊक असतं. निळ्या टोपीतला माणूस सगळ्यांना उत्तर द्यायला बांधलेला असतो." मग मी तुला त्या संघटनेची सनद ऐकवायचे. शेजाऱ्यांनी आधी समजुतीनं मिटवून बघावं, जरूर बघावं. पण हात उगारायचा तर जगाच्या परिषदेला विचारल्याशिवाय नाही. आणि जे काही कराल ते तिला कळवत राहायचं. तू म्हणायचास, "विचारायला गेलं तर उत्तर यायला किती दिवस लागतात ते पण हाय का त्या सनदेत?" मी म्हणायचे, "शेजारी आग विझवायला आधी येतो हे खरं. पण पुष्कळदा काडीपण त्यानंच टाकलेली असते." तू म्हणायचास, "वहिनीला सांग, चहा टाक."

दादा, आता खरं सांगते. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गावकी बसून राहिली आणि खाली माणसं मेली, असं घडलंय. मी ते वाचलं होतं, पुन्हा पुन्हा वाचलं होतं. एखाद्या बड्या घरानं नुसतं नाही म्हटलं की सगळी सभा अडते, हेही मी शिकवायचे, पण तुझ्यापुढं त्याची आठवण काढायचे नाही. तूही मला आपल्याच उपखंडाच्या भावकीवरून टोमणा मारू देत नव्हतास. ती तर बैठकीलाही धड जमत नाही, असं मी म्हटलं की तुला एकदम गुरांना पाणी दाखवायची आठवण व्हायची. गुरं तर तू केव्हाच विकली होतीस!

मग वादळ आलं. दिवेआगरपासून इकडे नारळी-पोफळीची एक वाडी धड राहिली नाही. तुझ्या पोफळी अशा झोपल्या होत्या की तुला घराबाहेर पाऊल टाकायला वाट नव्हती. आमची कौलं उडाली होती, बोट बंद होती, फोन लागत नव्हता, आणि मी खाडीच्या माझ्या तीरावर उभी राहून तुझ्या तीराला शिव्या देत होते. चौथ्या दिवशी मी कशीबशी पोचले. बघते तर तुझ्या वाडीत वीस-पंचवीस माणसं कोयते आणि करवती घेऊन राबतायत. सगळी वरच्या वाडीची. त्यांचीही भातं ठेवलेली घरं पडली होती. ते सोडून दुसऱ्या दिवशी पहाटेच उतरले होते. पुढं उभे होते पांडूनाना, वरच्या वाडीतले सगळ्यात वयस्क, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता. तू माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्यास. मी म्हटलं, "बरं बाबा, आधी धावतो तो जवळचाच. आज तू जिंकलास." ही एकच वेळ मी तुला तसं म्हटल्याची. ती तू पुरवून पुरवून वापरलीस.

दोन उन्हाळ्यांनी त्याच वरच्या वाडीशी आपलं फाटलं.

पऱ्यावरचा बंधारा वादळात फुटला होता, तो नवा बांधला. पण पाण्याची जुनी पाळी कोणाच्याच लक्षात नीट राहिली नव्हती. वरच्या वाडीनं भाजीपाला सुरू केला होता आणि पंप लावला होता. खाली आपल्या नव्यानं लावलेल्या पोफळीची रोपं पिवळी पडायला लागली. वादळानं नेलेल्या वाड्या पुन्हा उभ्या करायला माणसांनी जीव काढला होता, त्यामुळं खालच्या वाडीची डोकी तापली. आपली भावकी तुझ्याच अंगणात बसली. पंप उचलून आणायचा, असं तरण्यांनी ठरवलं. तू म्हणालास, थांबा, मी जाऊन समजावतो. मी शांतिसेनेत होतो.

तू निळी टोपी घातलीस. आपल्या देवीपुढं नारळ ठेवून हात जोडलेस, तोच नारळ प्रसाद म्हणून हातात घेतलास, आणि निघालास वर. मागं भावकीची पंधरा माणसं. तुझ्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला शपथ न घालताही कळतं. शुभ कामाला निघताना माणूस देवीचा नारळ घेतोच. पण आपल्या देवीपुढं ठेवलेला नारळ घेऊन कोणी तंट्याच्या जागी आलं, की समोरच्याला त्यात एकच दिसतं: यांनी देवीला गाऱ्हाणं घातलं, देवी आमच्यावर लावली. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तू जग फिरून आलास आणि नेमकं हेच विसरलास.

बंधाऱ्यावर पांडूनाना उभे होते. त्यांनी तुझ्या टोपीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मागच्या पंधरा जणांकडे पाहिलं. म्हणाले, "हवालदार, टोपी जगाची न् नारल तुमच्या देवीचा. आमी कोनाचं मानायचं?"

 बाचाबाची झाली, कोणीतरी कोणाला ढकललं, पंप पऱ्यात पडला. कोणाला फार लागलं नाही हे नशीब. पण ज्यांनी कोयते घेऊन तुझी वाडी मोकळी करून दिली होती, त्यांनी त्या दिवसापासून तुझ्या घरावरून जायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तू बोटीनं माझ्याकडे आलास. न सांगता. पायरीवर बसलास, वर ओटीवरही आला नाहीस. मी चहा दिला. तू सगळं सांगितलंस, काही न लपवता, नारळासकट. तू तेव्हा भांडायला आला नव्हतास. तू बहिणीकडे आला होतास. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वर्षभर टँकर चालवलास दादा, तह नव्हते केलेस. तह टँकर चालवणारे करत नाहीत."

तू कप खाली ठेवलास. निम्मा चहा तसाच. "बोट चुकेल," म्हणालास आणि गेलास. बोटीला अजून तासभर होता.

ते वाक्य मी गेली तीन वर्षं तोंडात घेऊन फिरतेय. शिक्षकाची जीभ वाईट असते. वर्गात जिंकायची सवय लागली की घरातही माणूस शेवटचं वाक्य सोडत नाही. मला वाटलं होतं, तू फोन करून भांडशील. तू भांडला नाहीस. भाऊबीजेला आलास, ओवाळून घेतलंस, तेल किती जास्त झालंय म्हणून माझ्या चकल्यांना नावं ठेवलीस. सगळं पहिल्यासारखं. फक्त आफ्रिका, मूसा, भावकी, गावकी, यातलं काही तू पुन्हा काढलं नाहीस. मीही काढलं नाही. माफी मागायची तर ती गोष्ट काढावी लागली असती, आणि पुढच्या वेळी काढू, पुढच्या वेळी काढू, असं करत करत तीन भाऊबीजा झाल्या.

पंपाच्या भांडणाचं पुढं काय झालं, तेही मी विचारलं नाही. मिटलंय एवढं वहिनी म्हणाली होती. मला वाटलं, थकून मिटलं असेल. भांडणं पुष्कळदा तशीच मिटतात.

तू गेलास त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. वहिनीनं सांगितलं, छातीत कळ आली तेव्हा तू वाडीत होतास, आणि तुला उचलून रस्त्यापर्यंत आणणारी चारही माणसं वरच्या वाडीची होती. ती तिथं कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आपल्या गावच्या निवृत्त फौजींनी तिरंगा आणला होता. त्यांतला एक जण म्हणाला, "निळी टोपी द्या, उशाशी ठेवू." मी आत गेले. कपाट पाहिलं, ट्रंक पाहिली, देवघराच्या वरची फळी पाहिली. टोपी नाही. वहिनीला विचारलं तर ती रडत रडत म्हणाली, "ती घरात नसते." म्हणजे काय, ते तिला बोलता येईना. मला इतका राग आला तुझा. वाटलं, माझ्या त्या वाक्यानंतर फेकून दिली असणार यानं. माझ्यामुळं फेकली.

तेवढ्यात फाटकातून पांडूनाना आले. चालत, घामाघूम. आणि दादा, त्यांच्या डोक्यावर तुझी टोपी. पाऽर विटलेली, कडेनं घामाचा पांढरा पट्टा आलेला, पण निळी.

ते तुझ्याजवळ आले, वाकले आणि टोपी काढायला हात वर नेला. मी मध्ये म्हटलं, "नाना, ही तुमच्याकडे कशी?"

"आज माजी पाळी हाय ना," ते म्हणाले, जणू मला हे माहीत असायलाच हवं. "खालच्या वाडीला पानी सोडायचा वार. खालच्या वाडीच्या पान्यावर वरच्या वाडीचा मानूस, न् वरच्या वाडीच्या पान्यावर तुमचा. मधल्या वाडीनं दोगांवर ध्यान ठेवायचं. जो पान्यावर आसल त्यानं टोपी घालायची. टोपी घातली का तो कुनाच्या भावकीचा न्हाय. हवालदारांनीच लावून दिलंय समदं."

मी म्हटलं, "दादानं?" ते म्हणाले, "तुमास्नी ठावं न्हाय? आवो, तुमचंच तर नाव घेतलं त्यांनी गावकीत. नारलाच्या भांडनानंतर आपनहून गावकी बोलावली. उबे ऱ्हायले न् म्हनाले, मी चुकलो. मी एका बाजूचा मानूस, टोपी घालून मदला मानूस व्हायला गेलो. माजी बहीन मास्तरीन हाय, ती वीस वर्सं सांगतेय, भावकीनं समजूत घालावी, पन हात लावायचा तर गावकीला इचारूनच, न् जे कराल ते गावकीला सांगायचं. मी तिचं आयकलं न्हाय. आता तरी आयकू या. आसं म्हनाले, न् टोपी काडून गावकीम्होरं ठेवली. म्हनाले, ही माजी न्हाय. जो पान्यावर आसल त्याची."

दादा, समोर तू निजलेला.  भर गावकीत उभं राहून तू माझं नाव घेतलंस, आपली चूक सांगितलीस, जी चूक मी तुझ्या तोंडावर फेकली होती. आणि मग तीन वर्षं माझ्या घरी येऊन चकल्यांना नावं ठेवत बसलास. एका शब्दानं सांगितलं नाहीस. तह टँकर चालवणारे करत नाहीत, असं म्हणणाऱ्या बाईला तू साधं उत्तरही दिलं नाहीस. तह करून मोकळा झालास.

पांडूनानांनी पुन्हा टोपीला हात घातला. फौजी मंडळी तिरंग्याची घडी सारखी करत होती, सगळ्यांच्या नजरा टोपीवर. मी म्हटलं, "पाळी कधी संपते, नाना?"

"दोन वाजता."

"मग काढू नका. घाला नीट. तुम्ही इथं आलात, बंधाऱ्यावर कोण आहे?"

ते जरा ओशाळले. म्हणाले, "मदल्या वाडीच्या मानसाला बसवून आलो. गावकीला इचारून."

तेव्हा मला तुझ्या मढ्यासमोर हसू आलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हसू की रडू ते मलाच कळत नव्हतं, पण अभिमान वाटला हे मात्र स्पष्ट कळलं. दादा, इतका अभिमान मला तुझ्या कुठल्याच पदकाचा वाटला नव्हता. तुझ्या उशाशी टोपी ठेवली नाही. पांडूनानांनी टोपी घालूनच तुला खांदा दिला, फाटकापर्यंत, आणि तिथून ते उलटे बंधाऱ्याकडे गेले. पाळी होती.

काल रात्रीचं जेवण आटोपल्यावर वहिनी जरा बोलती झाली. मी तिच्याजवळ मूसाची गोष्ट काढली आणि तुझी नक्कल केली, "टोपी बदलली, माणसं तीच, बूटपण तेच." ती म्हणाली, "आणि म्हातारीचं?"

"कुठली म्हातारी?"

"ते तुम्हाला नाही सांगितलं?" तिलाही नवल वाटलं. मग तिनं सांगितलं. टोप्या बदलल्यावर दोन दिवसांनी तू टँकर घेऊन नदीपलीकडच्या वस्तीत गेलास, सोबत मूसा. ती वस्ती दुसऱ्या पक्षाची. मूसाचा देश सरकारच्या बाजूचा, असं तिथं सगळे मानायचे. हिरव्या टोपीतला मूसा दिसला की त्या बायका दारं लावून घ्यायच्या, रिकामे हंडे तसेच बाहेर. त्या दिवशी दारं उघडी राहिली. एक म्हातारी पुढं आली, मूसाला खालवर न्याहाळलं आणि म्हणाली, "टोपी बदललीस. माणूस बदलतो का ते बघू." पण हंडा तिनं पुढं केला. मूसानं तो भरला.

लबाडा! वीस वर्षं तू मला निम्मीच गोष्ट सांगत होतास. अख्खी सांगितली असतीस तर मी जिंकले असते, म्हणून म्हातारी खिशात ठेवलीस. आणि मीही तेच केलं की. जिथं गावकी बसून राहिली, ती पानं मी तुझ्यापुढं कधी उघडली नाहीत. आपण दोघंही आपापली अर्धी गोष्ट घेऊन भांडत होतो. वरच्या वाडीची माणसं वादळात तुझ्याकडे धावली, तुला छातीत कळ आली तेव्हाही तीच धावली, तेव्हा भावकी असो, शेजार असो, आधी धावतो तो जवळचाच, हे तुझं. आणि त्या जवळच्याला आपल्या पाण्यावर बसू द्यायचं तर त्याच्या डोक्यावर सगळ्यांची टोपी लागते, हे माझं. हे आपल्याला कळत होतं, फक्त एकमेकांना सांगायचं नव्हतं. नाहीतर तू बोटीनं माझ्या तीराला कशाला आला असतास, आणि मी तुझ्या तीराला कशाला?

ते वाक्य मी मागं घेते, दादा. तुझ्या खुर्चीत बसून घेते. तह टँकर चालवणाराच करतो, कारण पाणी कुठं पोचत नाही ते त्यालाच माहीत असतं.

आता पाटातून आवाज येतोय. आज आपल्या वाडीची पाळी. फाटकाबाहेरून वरच्या वाडीतला कोणी माणूस टोपी घालून परत बंधाऱ्याकडे चाललाय, पांडूनाना नाहीत, दुसराच. मला नाव माहीत नाही. त्यानं मला खुर्चीत पाहिलं आणि हाक मारली, "मास्तरीनबाई, पानी सोडलंय. रोपांना पोचतंय का बगा."

मी उठते दादा. बघून येते.